उतरंड आणि पंगत

संस्था चालवावयाची कशी, हा प्रश्न संस्था काढणारास प्रथम पडत नाहीं. प्रथम पडतो तो पैशाचा, मग जागेचा, आणि त्यानंतर माणसांचा. पैसे मिळतात, जागा होते, माणसेंही जमतात; चार वर्षें काम जोरानें चालतें; आणि मग एके दिवशीं सभेंत कोणीतरी शांतपणें विचारतो, “हें ठरविलें कोणीं?” त्या दिवसापासून संस्थेच्या खऱ्या इतिहासास आरंभ होतो, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या प्रश्नाचीं दोन उत्तरें फार दिवसांपासून चालत आलेलीं आहेत. पहिलें उतरंडीचें. जुन्या घरांत माजघराच्या कोपऱ्यांत मडक्यांची उतरंड रचलेली असे. तींत प्रत्येक मडक्याची जागा ठरलेली, एकावर दुसरें आणि दुसऱ्यावर तिसरें. संस्थेंतही त्याच रीतीनें शिपायावर कारकून, कारकुनावर हेडक्लार्क, आणि त्यावर साहेब. हुकूम वरून खालीं येतो आणि जबाब खालून वर जातो. घरांतल्या उतरंडींत सर्वांत मोठें मडकें तळाशीं असून सगळा भार तेंच वाहतें. संस्थांच्या उतरंडींत मात्र सर्वांत वरचें मडकें स्वतःस मोठें समजतें, ही गोष्ट निराळी. दुसरें उत्तर पंगतीचें. पाटास पाट लावून सर्व एका ओळींत बसले आहेत, पानावर वाढलेलें सर्वांस सारखें, आणि कोणाचाही पाट दुसऱ्याहून उंच नाहीं. अशा संस्थेंत वरिष्ठ नाहीं, कनिष्ठ नाहीं; सर्व सभासद समान, आणि काय करावयाचें तें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें.

अलीकडे व्यवस्थापनशास्त्र शिकविणाऱ्या विद्यालयांतून पंगतीच्या रचनेची वाखाणणी बरीच ऐकूं येते. अमेरिकेंत इंटरनेटवरून जोडे विकणाऱ्या झॅपोस नांवाच्या कंपनीनें २०१३ च्या अखेरीस आपल्या येथील सर्व हुद्दे काढून टाकण्याचें जाहीर केलें. पुढें २०१५ सालीं, ज्यांस ही रीत मानवत नसेल त्यांनीं कांहीं महिन्यांचा पगार घेऊन खुशाल जावें, असें कंपनीच्या प्रमुखानें कळविलें, तेव्हां शंभरांतले सुमारें चौदा जण निघून गेले. वरिष्ठ नकोत हा हुकूमही अखेर एका वरिष्ठासच काढावा लागला!

परंतु या विषयाच्या अभ्यासासाठीं अमेरिकेपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. पंगतीचा आणि उतरंडीचा असे दोन्ही प्रयोग पुण्यांत, पंचवीस वर्षांच्या अंतरानें, मोठ्या त्यागी माणसांच्या हातून झालेले आहेत. पहिला डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आणि दुसरा भारत सेवक समाजाचा, म्हणजे ज्यास सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी म्हणतात त्याचा. गोपाळ कृष्ण गोखले पहिल्या संस्थेच्या पंगतीस अनेक वर्षें बसले, आणि दुसरी संस्था त्यांनीं स्वतः स्थापिली. आणि ती स्थापितांना त्यांनीं पहिल्या संस्थेच्या रचनेहून अगदीं निराळी रचना पसंत केली. एवढ्या शहाण्या पुरुषानें असें कां केलें असेल, हें शोधूं गेलें म्हणजे या विषयांतलें बरेंचसें हातीं लागतें.

२ जानेवारी १८८० या दिवशीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालें. सरकारी शाळेची नोकरी सोडून आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर, नुकतेच कॉलेजांतून बाहेर पडलेले बाळ गंगाधर टिळक, आणि खटपटींत ज्यांचा हात कोणीही धरूं शकला नसता असे माधवराव नामजोशी, हे आरंभींचे चालक. वामन शिवराम आपटे त्याच वर्षीं येऊन मिळाले, आणि गोपाळ गणेश आगरकर एम्. ए. ची परीक्षा उरकून पुढल्या वर्षीं. मोठ्या पगाराची आशा धरूं नकोस, असें आपल्या गरीब आईस आगरकरांनीं पत्रानें कळविल्याची हकीकत महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. या मंडळींत वयानें आणि मानानें वडील म्हणावे असे चिपळूणकर; परंतु १८८२ च्या मार्चमध्यें ते वारले. मागें राहिले त्यांतले टिळक, आगरकर व आपटे हे तिघेही पंचविशीच्या आसपासचे. अशा बरोबरीच्या मित्रांत कोणीं कोणास हुकूम करावयाचा? पंगतीची रचना त्यांनीं कोणत्याही ग्रंथावरून घेतली नाहीं. वयानें आणि स्नेहानें ती आपोआपच पडली.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीची रीतसर स्थापना झाली, आणि १८८५ च्या जानेवारींत फर्ग्युसन कॉलेज निघालें. ज्यांनीं संस्थेस वीस वर्षें वाहून घ्यावयाचें ते आजीव सभासद, म्हणजे लाइफ मेंबर. शाळेंत शिकवो कीं कॉलेजांत, वेतन सर्वांस सारखें. तें महिना ७५ रुपये ठरलें, आणि कुटुंबासाठीं ३,००० रुपयांचा आयुष्याचा विमा. बाहेरचे प्रतिष्ठित गृहस्थ ज्यांत बसत असें एक वरचें मंडळ होतें. परंतु रोजचा कारभार आजीव सभासदांच्याच सभेंत चाले. आपटे कॉलेजाचे पहिले प्राचार्य झाले. प्राचार्यपद हा हुद्दा खरा. पण त्यामुळें सभेंत त्यांच्या एका मताचीं दोन मतें होत नसत.

ही व्यवस्था किती उपयोगी पडली हें पाहिल्यावांचून तिच्या दोषांकडे वळणें न्यायाचें होणार नाहीं. सरकारी खात्यांत जें काम कागद वर जाऊन खालीं येईपर्यंत महिना घेतें, तें येथें मधल्या सुटींत चार मित्रांच्या संमतीनें होऊन जाई. नामजोशींस संस्थानिकांकडे देणगी मागण्यास जावयाचें असलें तर त्यांच्या वर्गावर दुसरा उभा राही. शाळा चालवितां चालवितां याच मंडळींनीं १८८१ च्या जानेवारींत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ हीं पत्रें काढलीं. कोल्हापूरच्या प्रकरणावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला, आणि १८८२ सालीं आगरकर व टिळक यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस एकत्र काढले. इकडे शाळा बंद पडली नाहीं. ज्या संस्थेचे दोन आधारस्तंभ एकदम तुरुंगांत जातात आणि तरीही जिची घंटा वेळेवर होते, ती संस्था एका माणसावर उभी नाहीं हें उघड आहे. पंगतींत एक उठला तर शेजारचा सरकून बसतो. उतरंडीचें मधलें मडकें काढून पाहावें म्हणजे फरक समजतो.

मग बिघाड कोठें झाला? तो प्रथम पगारांत झाला. समान पगार हा दिसावयास अत्यंत न्याय्य नियम होय. परंतु समान पगाराचा भार समान नसतो. एकाचें कुटुंब लहान व कोंकणांत थोडीफार वडिलोपार्जित मिळकत, दुसऱ्याच्या घरीं दम्याचें दुखणें आणि पाठीशीं कांहीं नाहीं; दोघांच्या हातावर महिन्याच्या शेवटीं तेवढेच रुपये पडणार. पगारांत थोडी वाढ करावी, निदान अडचणींत असलेल्यास संस्थेनें हात द्यावा, असें आगरकरांच्या बाजूचें म्हणणें. टिळकांचें म्हणणें असें कीं, गरिबी पत्करूनच आपण या कामांत पडलों आहों; ती अट सैल झाली म्हणजे पुढें तिला तळ राहणार नाहीं. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. आणि ज्यानें निवाडा द्यावा असा माणूस त्या खोलींत एकही नव्हता.

दुसरा वाद बाहेरच्या कामांचा. आजीव सभासदानें आपला सर्व वेळ संस्थेस द्यावा, दुसरें उत्पन्नाचें किंवा मानाचें काम पत्करूं नये, हा टिळकांचा आग्रह. परंतु आपट्यांचे संस्कृताचे ग्रंथ आणि कोश प्रसिद्ध होत होते, गोखल्यांचें अंकगणित शाळांतून चालत होतें, आगरकरांनीं १८८७ सालीं ‘केसरी’ सोडून पुढल्या वर्षीं ‘सुधारक’ काढला होता, आणि स्वतः टिळक ‘केसरी’ च्या कामांत गढलेले होतेच. मात्र पत्रांचें काम हें मूळ संकल्पाचाच भाग, अशी त्यांची धारणा होती. समाजसुधारणेच्या प्रश्नावर तर दोघे मित्र वर्तमानपत्रांतून एकमेकांवर कडक लिहीत, आणि दुसऱ्या दिवशीं एकाच शाळेच्या कारभारासाठीं समोरासमोर बसत. १८९० सालीं गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद स्वीकारलें आणि हा वाद हातघाईवर आला. मतें घेतलीं गेलीं तेव्हां टिळक अल्पमतांत राहिले. आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनीं राजीनामा दिला.

त्या राजीनाम्यासोबत टिळकांनीं आपली बाजू फार विस्तारानें मांडली आहे. संस्थेच्या मूळ तत्त्वाचें वर्णन करतांना त्यांनीं जेसुइट पंथाचा दाखला घेतला. तो समजण्यासारखा आहे. मुंबईस सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ पासून याच पंथाचे पाद्री चालवीत होते. घरदार नसलेले, पगाराकडे न पाहणारे हे विद्वान लोक शिक्षणाचें काम कसें करतात तें पश्चिम हिंदुस्थानांत सर्वांच्या डोळ्यांसमोर होतें. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. इग्नेशियस लॉयोला याच्या या पंथास १५४० सालीं पोपची मान्यता मिळाली तेव्हांपासून त्याच्या अनुयायांचीं प्रमुख व्रतें तीन : दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. त्यांचा मुख्य एकदां निवडला म्हणजे तहहयात, आणि त्यानें चीनमध्यें जा म्हटलें कीं चीनमध्यें जावयाचें. पुण्याच्या मंडळींनीं त्यांतलें पहिलें व्रत बहुतांशीं उचललें. दुसऱ्याचा गृहस्थाश्रमी माणसांच्या संबंधांत प्रश्नच नव्हता. आणि तिसरें मात्र त्यांनीं तसेंच ठेवून दिलें. जेसुइटांचें दारिद्र्य टिकतें तें केवळ त्यागावर टिकत नाहीं. कोणास किती लागतें, कोणीं काय करावयाचें, याचा विचार दुसरा कोणी करतो, आणि तो निमूटपणें मान्य केला जातो, म्हणून तें टिकतें. आज्ञा नाहीं आणि दारिद्र्य मात्र आहे, अशा ठिकाणीं प्रत्येक रुपया हा वादाचा विषय होतो.

याहून एक सूक्ष्म दोष पंगतींत असतो, आणि त्याची किंमत पैशांत मोजतां येत नाहीं. उतरंडींत निर्णय न आवडला तर माणूस साहेबास नांवें ठेवतो आणि घरीं जाऊन जेवतो. साहेब हा जणूं त्याच कामासाठीं ठेवलेला असतो. बरोबरीच्या मित्रांत नांवें ठेवावयास साहेब नाहीं. नियमाविषयींचा मतभेद हा पाहतां पाहतां स्वभावाविषयींचा होतो. ‘हा ठराव चुकीचा आहे’ या वाक्याचा अर्थ ‘तूं स्वार्थी आहेस’ असा ऐकूं येऊं लागतो. टिळक आणि आगरकर यांच्यासारखीं माणसें, ज्यांनीं कॉलेजांत असतांना रात्रीच्या रात्री देशाच्या चिंतेंत घालविल्या, एका तुरुंगाचें अन्न खाल्लें, त्यांचा स्नेह अशा सभांतून तुटला. १८९५ च्या जूनमध्यें आगरकर वारले, तेव्हां त्यांच्यावरील मृत्युलेख ‘केसरी’ साठीं टिळकांनींच लिहिला. शाळेच्या सभेंत त्या दोघांवर कोणी तिसरा असता तर हा दुरावा टळला असता कीं काय, हें कोणीं सांगावें? समाजसुधारणेचा वाद तरीही उरलाच असता. परंतु पगाराचा आणि वेळेचा वाद तरी त्यांत मिसळला नसता.

एवढें झालें म्हणून पंगतीची रचना फसली असा निकाल देणें घाईचें होईल. टिळक गेल्यावर गणिताची जागा रिकामी झाली. मुंबईस शिकवण्या करून राहणारे धोंडो केशव कर्वे यांस गोखल्यांनीं बोलाविलें, आणि १८९१ च्या अखेरीस ते फर्ग्युसन कॉलेजांत आले. लौकरच आजीव सभासदही झाले. १८९३ सालीं त्यांनीं विधवेशीं विवाह केला आणि मुरुडच्या गांवकऱ्यांनीं त्यांना वाळीत टाकलें. कॉलेजांतील त्यांची जागा मात्र कायम राहिली. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० सालीं तो हिंगण्यास गेला, आणि कॉलेजांतले तास संपवून कर्वे पायीं हिंगण्याची वाट धरूं लागले. पावसाळ्यांत त्या वाटेवर चिखल गुडघ्याएवढा असे. आतां, हें बाहेरचें काम नव्हे तर काय? टिळकांचा नियम अक्षरशः अमलांत आला असता तर कर्व्यांस कॉलेज तरी सोडावें लागलें असतें किंवा आश्रम तरी. गोखल्यांनाही १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास विलायतेस जातां आलें नसतें. टिळकांचा नियम चुकीचा होता असें यावरून सिद्ध होत नाहीं. बरोबरीच्या माणसांची संस्था एकमेकांस किती मोकळीक देते, आणि त्या मोकळिकींतून काय काय उगवतें, हें मात्र यावरून दिसतें. ढिलाई आणि मोकळीक यांच्यामधील भिंत फार पातळ असते.

याच पंगतीचें आणखी एक दृश्य सांगण्यासारखें आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे कर्व्यांचे आप्त. मुंबईस कर्व्यांच्याच घरीं राहून शिकलेले. १८९९ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत ते सीनियर रँग्लर झाले. सरकारी खात्यांतल्या मोठ्या पगाराकडे पाठ फिरवून ते पुण्यास परतले आणि १९०२ सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, फर्ग्युसन कॉलेजाचे प्राचार्य झाले. त्यांच्या हाताखालीं गणित शिकविणाऱ्यांत चव्वेचाळीस वर्षांचे कर्वे होते. ज्यास आपण घरीं वाढविलें त्याच्या आज्ञेंत वडील माणसानें बारा वर्षें काम करावें, आणि कोणासही त्यांत कमीपणा वाटूं नये, ही गोष्ट एखाद्या कचेरींत सहज घडेल असें वाटत नाहीं. तेथें अधिकार हा पदाचा असतो आणि पदाबरोबर पगार, खुर्ची व सलाम हीं सर्व वाढतात. येथें पद हें केवळ वांटून घेतलेलें काम होतें.

मात्र ही पंगत सर्वांची होती असें समजूं नये. आजीव सभासद नसलेले पगारी शिक्षकही शाळेंत होते. त्यांस मत नव्हतें. स्वतः गोखले प्रथम तसेच पगारी शिक्षक म्हणून आले होते. पंगत बसलेली असते तेव्हां तिच्यापलीकडे स्वयंपाकघर असतें, आणि तेथील व्यवस्था पंगतीसारखी क्वचितच असते.

१९०२ सालीं गोखले संस्थेंतून निवृत्त झाले. महिना ३० रुपये पेन्शन त्यांस मिळालें. आणि तीन वर्षांनीं, १२ जून १९०५ रोजीं, फर्ग्युसन कॉलेजाजवळच्या टेकडीवर त्यांनीं भारत सेवक समाजाची स्थापना केली. प्रथम त्यांनीं स्वतः शपथ घेतली. नंतर नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन या तिघांस दिली. चार माणसें, पण त्यांतला एक ‘प्रथम सभासद’, म्हणजे तहहयात प्रमुख. नव्या सभासदानें पांच वर्षें उमेदवारी करावयाची, आणि त्या काळांत सर्वस्वीं प्रथम सभासदाच्या मार्गदर्शनाखालीं व नियंत्रणाखालीं राहावयाचें. वाचावयाचें काय, हिंडावयाचें कोठें, हें त्यानें ठरवावयाचें. जेसुइटांचें जें तिसरें व्रत १८८४ च्या मंडळींनीं वगळलें होतें, तें १९०५ सालीं गोखल्यांनीं या रीतीनें परत आणलें.

शपथेंत सात कलमें होतीं. देशास मनांत पहिलें स्थान द्यावें, सर्व देशबांधवांस जातिधर्मभेद न मानतां भाऊ समजावें, संस्था जें देईल त्यांत स्वतःचा व कुटुंबाचा निर्वाह करावा, शुद्ध आचरण ठेवावें, अशीं तीं. त्यांतलें एक कलम वाचणारास थांबवितें : मी कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाहीं. देशसेवेच्या शपथेंत हें कलम कां असावें? १८९० सालच्या सभांत जो चोविशींतला तरुण स्वतःच वादाचा विषय होऊन बसला होता, त्यानें एकोणचाळिसाव्या वर्षीं हें कलम घातलें, एवढें म्हटलें म्हणजे पुरे. शिवाय काळही बदलला होता. न्यू इंग्लिश स्कूलच्या मंडळींस मुलें शिकवावयाचीं होतीं. समाजाच्या सभासदांस वंगभंगाच्या वर्षीं राजकारणांत उतरावयाचें होतें. एका तरुण सभासदाच्या अविचारी भाषणानें सगळी संस्था सरकारच्या रोषास पात्र झाली असती. जेथें एकाची चूक सर्वांच्या माथीं बसते तेथें परवानगी मागण्याची रीत केवळ जाचक म्हणतां येत नाहीं.

उतरंडीचा लाभ समाजास झाला यांत संशय नाहीं. माणसें निवडून, पारखून, पांच पांच वर्षें घडवून बाहेर पडलीं. आणि गोखले होते तोंवर फूट पडली नाहीं. परंतु उतरंडीची खरी परीक्षा वरचें मडकें असतांना होत नाहीं.

१९१५ च्या जानेवारींत गांधीजी दक्षिण आफ्रिकेंतून परत आले. त्यांनीं समाजांत यावें अशी गोखल्यांची उत्कट इच्छा. परंतु समाजांतील इतर मंडळींस शंका होती. गांधीजींचीं ध्येयें आणि काम करण्याची पद्धत आपल्याहून भिन्न, असें त्यांस वाटे. आणि येथें एक विलक्षण गोष्ट घडली. ज्याच्या हातीं सर्व अधिकार, त्या प्रथम सभासदानें तो अधिकार वापरला नाहीं. सभासद तुम्हांस अजून समजलेले नाहींत. ते स्वीकारोत न स्वीकारोत, मी तुम्हांस आमच्यांतलेच मानतों, अशा अर्थाचें बोलून त्यांनीं गांधीजींची समजूत घातली. हुकूम करून माणूस आंत घेतां येईल, परंतु शेजारच्या पाटांवरील मंडळींनीं त्यास आपला म्हटला पाहिजे, तें हुकुमानें होत नाहीं. फर्ग्युसन कॉलेजांत इतकीं वर्षें काढलेल्या माणसास हें सांगावयास नको होतें. १९ फेब्रुवारीस गोखले वारले. गांधीजी शांतिनिकेतनांत होते. ते पुण्यास आले, आणि गुरूच्या इच्छेस मान देऊन त्यांनीं समाजांत प्रवेश मिळावा म्हणून विनंती केली. सभासदांत दोन तट पडले. एका बाजूस हवे, दुसऱ्या बाजूस नको. आणि निवाडा देणारा तर नुकताच गेलेला. काय होणार हें पाहून गांधीजींनीं आपली विनंती स्वतःच परत घेतली, आणि दोन्ही तटांस अवघडलेपणांतून सोडविलें. पंचवीस वर्षांपूर्वीं पंगतींतून टिळक उठून गेले होते. आतां उतरंडीच्या दारावरून गांधीजी परत गेले. त्यांनीं शास्त्री-देवधरांशीं जो स्नेह पुढें राखला, त्यांत भांडण न करण्याच्या त्या कलमाचाही थोडा वांटा असावा.

गोखल्यांच्या मागें श्रीनिवास शास्त्री अध्यक्ष झाले, त्यानंतर १९२७ मध्यें देवधर, आणि १९३६ पासून हृदयनाथ कुंझरू. कुंझरू तर १९७८ सालीं मृत्यू येईपर्यंत त्या जागेवर होते. परंतु प्रथम सभासदाच्या शब्दास जें वजन होतें तें त्या खुर्चीबरोबर पुढें आलें नाहीं. हळूहळू प्रत्येक जण आपापल्या क्षेत्राचा धनी झाला. देवधरांनीं गोखले असतांनाच, १९०९ सालीं, रमाबाई रानड्यांसमवेत पुण्याच्या सेवासदनाचें काम उभारलें होतें. नारायण मल्हार जोशी मुंबईच्या मजुरांत शिरले. १९२० सालीं अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस निघाली तींत त्यांचा हात होता. अमृतलाल ठक्कर १९१४ सालीं समाजांत आले आणि १९२२ सालीं दाहोदच्या बाजूस त्यांनीं भिल्ल सेवा मंडळ स्थापिलें. तिकडच्या दुष्काळांत आज कोणत्या पाड्यावर धान्य पोंचवावयाचें, हें पुण्यास विचारून ठरविणें शक्यच नव्हतें.

इकडे डेक्कन एज्युकेशन सोसायटीची पंगत वाढत गेली. १९१९ सालीं सांगलीस विलिंग्डन कॉलेज निघालें, १९४३ सालीं पुण्यांत बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय. मित्रांच्या ज्या टोळक्यास मधल्या सुटींत एकमेकांचें मत विचारतां येत असे, त्याच्या जागीं आतां नियम आले, चिटणीस आले, प्राचार्यांचे अधिकार ठरले, कोणतें काम कोणापुढें मांडावयाचें याच्या पायऱ्या झाल्या. आजीव सभासदांचें मत पूर्वीप्रमाणें एकास एकच राहिलें; पण सांगलीच्या प्राध्यापकास तें द्यावयाचें असलें म्हणजे अगोदर रजेचा अर्ज करून पुण्याची गाडी धरावी लागे.